शिरस्त्राणाविना खेळलेला ड्यूक

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. आकड्यांशी माझं फारसं सख्य नाही. कदाचित म्हणूनच, ज्यांचे आकडे कुणी लिहून ठेवले नाहीत अशा काही खेळाडूंविषयी आज बोलावंसं वाटलं.

गोष्ट अमेरिकेतली आहे. आपला फुटबॉल पायांनी खेळायचा; तिथे त्याच नावाचा खेळ बराचसा हातांनी खेळतात. लांबट चेंडू छातीशी धरून एकजण पळतो, समोरचे त्याला पाडायला झेपावतात आणि त्याचे साथीदार अंगावर घेऊन त्याला वाट करून देतात. या खेळाची व्यावसायिक लीग १९२० मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी, मोटारी विकण्याच्या एका दुकानात स्थापन झाली. त्याच गावात १९६३ मध्ये 'हॉल ऑफ फेम' उघडलं. थोर खेळाडूंचे अर्धपुतळे तिथे ओळीने मांडलेले असतात. पहिल्या वर्षी १७ जणांना हा मान मिळाला.

मला मात्र अशा दालनात शिरलं की आधी आठवतात ते तिथे नसलेले लोक.

फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू. लीगच्या पहिल्याच वर्षी अजिंक्य ठरलेल्या अ‍ॅक्रन संघाचा तो आधार होता. पुढच्या वर्षी खेळता खेळता त्याने प्रशिक्षकपदही सांभाळलं. १९६३ मध्ये तो हयात होता, पण बोलावणं आलं नाही. १९८६ मध्ये तो वारला आणि २००५ मध्ये त्याला दालनात जागा मिळाली.

ड्यूक स्लेटरला तर त्याहून जास्त वाट पाहावी लागली. गरीब धर्मोपदेशकाचा हा मुलगा. शाळेत असताना बूट किंवा शिरस्त्राण, यांपैकी एकच घेणं वडिलांना परवडणार होतं म्हणे. मुलाने बूट मागितले. १९२१ मध्ये नोत्र दामच्या बलाढ्य संघाविरुद्धचं त्याचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. सगळे शिरस्त्राण घातलेले, हा एकटा उघड्या डोक्याने समोरच्यांना रेटतो आहे आणि चेंडूवाला साथीदार त्या खिंडारातून निसटतो आहे. पुढे १९२२ ते १९३१ अशी दहा वर्षं तो व्यावसायिक लीगमध्ये खेळला. १९२७ मध्ये अख्ख्या लीगमध्ये तो एकटाच कृष्णवर्णीय होता. खेळता खेळता त्याने कायद्याची पदवी घेतली आणि १९४८ मध्ये शिकागोत तो न्यायाधीश म्हणून निवडून आला. १९६६ मध्ये त्याचं निधन झालं. कँटनचं दार त्याच्यासाठी २०२० मध्ये उघडलं. मृत्यूनंतर तब्बल ५४ वर्षांनी!

असं का व्हावं? वर्णद्वेष हे उत्तर खरं आहे. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. लीगने अधिकृत आकडेवारी ठेवायला सुरुवात केली १९३२ मध्ये. स्लेटर त्याआधीच निवृत्त झाला होता. शिवाय त्याचं काम दुसऱ्याला वाट करून देण्याचं. त्याचे गुण कुठल्या रकान्यात मांडणार?

या रकान्यांनी गोऱ्यांनाही सोडलं नाही. लॅव्ही डिलवेग आणि व्हर्न लुएलन हे ग्रीन बेच्या संघाचे दोन खंदे वीर. १९२९, १९३० आणि १९३१ अशी सलग तीन विजेतेपदं या संघाने मिळवली. डिलवेगचं नाव त्या काळच्या सर्वोत्तम संघांच्या निवडींमध्ये पुन्हा पुन्हा येतं. तरीही, २०२० मध्ये लीगच्या शंभरीनिमित्त जुन्या काळातले दहा खेळाडू निवडले गेले, त्यांत हे दोघे नव्हते.

सगळ्यांनाच आत घ्या, असं मी म्हणत नाही. दयेपोटी दिलेला मान हा मान नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की जिथे आकडे नाहीत तिथे साक्ष ऐका. बरोबर खेळलेले, विरुद्ध खेळलेले, मैदानाच्या कडेला बसून बातमी लिहिणारे लोक त्यांच्याविषयी काय सांगून गेले, ते शोधा. आकडा नसणं म्हणजे शून्य असणं नव्हे.

सगळ्यात अवघड प्रश्न केनी वॉशिंग्टनचा. १९३९ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉल गाजवून तो बाहेर पडला, तेव्हा लीगचं दार बंद होतं. ते त्याच्यासाठी १९४६ मध्ये उघडलं. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या मैदानावर हा भेदभाव चालणार नाही, असं लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय पत्रकारांनी ठणकावलं, तेव्हा कुठे! तोवर त्याच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. तीनच मोसम तो खेळला. त्यातही १९४७ मध्ये एकदा ९२ यार्ड धावला. तीन वर्षांची कारकीर्द थोर म्हणायला अपुरी आहे, असा युक्तिवाद होतो. पण उरलेली वर्षं कुणी घेतली? ज्यांनी ती घेतली, त्यांनीच 'तुझी वर्षं कमी पडतात' असं सांगावं, हे माझ्या मनाला पटत नाही.

२०२१ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या मैदानाला ड्यूक स्लेटरचं नाव देण्यात आलं. चांगलं झालं. त्या मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर आज शिरस्त्राण असतं. ज्या जमिनीवर ती मुलं पाय रोवतात, तिला मात्र उघड्या डोक्याने खेळलेल्या माणसाचं नाव आहे.