खिडकी बदलण्याआधी

जुलैत खिडकी बंद असूनही वारा शिट्टी मारतो, गादीची कड ओली होते, ही तक्रार आता घरोघरी आहे. ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं: सगळ्या खिडक्या बदला. पेन्शनीत ते बसत नाही. बँकेत कर्ज देण्याआधी आम्ही जागेची पाहणी करायचो, तशी इथेही करावी.

वारा असताना पंखा बंद करून उदबत्ती चौकटीच्या कडेनं फिरवा. (पडदा आधी काढा!) धूर जिथं झटकन वळतो, तिथं फट. यूपीव्हीसीची चौकट बहुधा शाबूत असते, थकतं ते रबर. उन्हानं ते कडक होतं, कोपऱ्यात आखडतं. जुन्या रबराचा वीतभर तुकडा दुकानात न्या, आकार तंतोतंत जुळायला हवा. बसवताना ताणू नका, नाहीतर पुन्हा आखडेल. सरकत्या खिडकीत केसाळ ब्रशपट्टी असते, तीही झिजते.

चौकट आणि भिंत यांमधली फट सिलिकॉननं भरायची, पण बाहेरून आणि कोरड्या दिवसांत. ते झुल्यावरच्या माणसाचं काम. पूर्ण विंगेनं एकदम करवलं तर झुल्याचा खर्च वाटला जाईल.

खालच्या रुळाची बारीक भोकं काहींनी बुजवलीत. ती आधी मोकळी करा, पाणी तिथूनच बाहेर जातं.

आणि गॅस गीझर असेल त्या बाथरूमची हवा कधीही बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.