समुद्रावरील विमानांचा लेखी निरोप

कर्जतला लागूनच उल्हास नदीच्या कांठीं दहिवली आहे. तेथील अंगणांतून रात्रीं उंचावर, पश्चिमेकडे सरकणारा विमानाचा दिवा दिसतो. त्या विमानावर मुंबईच्या रडारची नजर असते, आणि नियंत्रकाचा शब्द वैमानिकास शेजारच्या खोलींतून यावा तसा स्पष्ट ऐकूं येतो. परंतु अर्ध्या तासाच्या आंतबाहेर तें विमान अरबी समुद्रावर फार दूर गेलेलें असतें.

नेहमींच्या संभाषणाच्या रेडिओलहरी सरळ रेषेंत जातात. पृथ्वीची वक्रता आड आली कीं त्या खुंटतात. उंच विमानासहि ही मर्यादा सुमारें २०० सागरी मैलांवर गांठते. त्यापुढें पूर्वी लघुलहरींचाच आधार होता. रात्रीं दूरचें स्टेशन लावूं पाहणाऱ्यास त्या लहरींची खरखर ठाऊक आहे. तेथें गाण्याची ओळ बुडाली तर हानि नाहीं. येथें उंचीचा एक आंकडा बुडाला तर दोन विमानें एका पातळीवर येऊं शकतात. यास्तव आज्ञा उलट म्हणून दाखवावी लागे, आणि विमानांमध्यें अंतरहि फार राखावें लागे.

आतां निरोप लेखी जातो. सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर, एका जागीं स्थिर भासणारे उपग्रह त्याचे जासूद. नियंत्रकानें ठराविक शब्दांत टंकलेली आज्ञा वैमानिकापुढील पडद्यावर उमटते. तो कळ दाबून रुकार देतो. शिवाय विमानांतील यंत्र ठरल्या मुदतीनें आपलें स्थान व उंची आपणहून कळवितें. मुंबईचे नियंत्रक अरबी समुद्रावर हीच पद्धति वापरतात. मात्र लेखी कारभाराचा सावकाशपणा येथेंहि थोडा आहेच. तांतडीच्या वेळीं तोंडी शब्दच बरा, म्हणून लघुलहरींचें यंत्र अद्याप निवृत्त झालेलें नाहीं.

८ मार्च २०१४ रोजीं क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलें मलेशियाचें विमान २३९ माणसांसह नाहींसें झालें. त्याचे निरोप थांबले होते. तरी विमानांतील यंत्र उपग्रहाच्या हाकेला कित्येक तास ओ देत होतें. त्या उत्तरांत स्थान नव्हतें. केवळ त्यांना लागलेल्या वेळावरून व लहरींतील सूक्ष्म फरकावरून शोधकांनीं दक्षिण हिंदी महासागराची दिशा काढिली. पुढें नोव्हेंबर २०१८ पासून, समुद्रावरील मोठ्या प्रवासी विमानाचें स्थान निदान दर १५ मिनिटांनीं त्याच्या कंपनीस कळलेंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक लागू झाला.