मुख्याध्यापकांची घडण
अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराजवळच्या ग्विनेट परगण्यात स्थलांतरितांमुळे लोकवस्ती वाढत गेली, आणि तेथील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’पुढे, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्वायत्त यंत्रणेपुढे, बहुभाषिक विद्यार्थ्यांच्या शाळांना योग्य मुख्याध्यापक कोठून मिळवावेत हा प्रश्न उभा राहिला. केवळ जाहिरातीवर न विसंबता तिने होतकरू उपमुख्याध्यापकांनाच प्रशिक्षण देण्याचा, अधिक शहाणपणाचा, मार्ग धरला. २०११ पासून वॉलेस प्रतिष्ठानच्या साहाय्याने ग्विनेटसह सहा डिस्ट्रिक्टांनी पदाची मानके, पारखून निवड, प्रशिक्षण आणि नियुक्तीनंतरचे मार्गदर्शन यांची साखळी बांधली. तिला ‘प्रिन्सिपल पाइपलाइन’ म्हणतात. रँड संस्थेच्या २०१९ मधील अभ्यासानुसार, अशा नव्या मुख्याध्यापकांच्या शाळांत वाचन व गणितात तुलनेने अधिक प्रगती आढळली आणि खर्च, हे विशेष, अंदाजपत्रकाच्या एक टक्क्याहूनही कमी होता.