घराण्यातला मधुमेह आणि ताटातले अन्न

लोणी काळभोर परिसरात काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, कुणाला मधुमेह निघाला की दोनच कारणे ऐकू येतात. 'गोड फार खाल्लं' किंवा 'त्यांच्या घराण्यातच आहे'. घराण्यातले म्हटले, की आपण ते नशीब समजून हात टेकतो. पण घराण्यातून नेमके येते तरी काय?

याचे एक उत्तर प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांनी दिले. सिडनी विद्यापीठातले डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांच्या ५० पिढ्यांना अपुरा आहार दिला गेला. पिल्ले कमी वजनाची जन्मू लागली. त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. मधुमेह जडण्याची शक्यता तर साध्या उंदरांच्या सुमारे आठपट! पुढच्या दोन पिढ्यांना नेहमीचा आहार पोटभर दिला, तरी दोष गेला नाही. इन्सुलिनच्या जनुकाशी निगडित रासायनिक खुणाच बदलल्या होत्या. जनुक म्हणजे पोथी धरली, तर या खुणा म्हणजे कोणते पान उघडायचे हे सांगणारे दोरे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. याज्ञिकांच्या गटाने गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून! ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक, त्यांची बाळे अंगाने चांगली होती.

आता आपल्या घराकडे पाहा. सून सगळ्यांच्या मागून जेवते आणि भाजी तोवर संपलेली असते. त्या ताटावर फक्त तिचीच नव्हे, तर पुढच्या पिढीचीही तब्येत अवलंबून आहे. दोन पिढ्यांच्या पोटभर जेवणाने जे भरून आले नाही, ते एका डोहाळजेवणाने कसे भरून येईल? म्हणून मुलगी वाढत्या वयाची असल्यापासूनच तिच्या ताटात भाजी, डाळ, दूध आधी वाढा.