भाजीवरील कोरीवकाम
(महाड व पोलादपूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



फळे व भाज्या कोरून अन्नास शोभा आणण्याची जपानी कला ‘मुकीमोनो’ या नावाने ओळखली जाते. गाजराच्या चकतीस ‘उमे’ वृक्षाच्या पंचदल फुलाचा आकार देऊन प्रत्येक पाकळी तिरकी तासली, म्हणजे तिची एक कड उंच व दुसरी सखल होऊन फूल उमलल्याचा भास होतो. मुलांच्या डब्यातील सफरचंदाच्या फोडीस सालीचेच सशाचे कान काढतात. हे सारे खाण्यासाठी असते, यावर माझा भर आहे. आपल्या रुखवतातील कोरलेली फळे पाहुणे वाखाणतात आणि ती तशीच सुकून जातात. कौशल्य खरे, परंतु अन्न वाया जावे हे मला रुचत नाही.

आपल्या डोंगराळ भागात पावसाळ्यात मांडवांवर काकडी, पडवळ, शिराळी लागतात. शाळेच्या परसबागेतील भेंडी आडवी कापावी. पाच कोनांचे फूल आयतेच हाती येते. शिराळ्याच्या शिरा मोजावयास लावाव्या; त्या बहुधा दहा भरतात. मुलाने आधी पाहावे, मोजावे, मगच कापावे. पहिली-दुसरीच्या हाती सुरी मात्र नको; त्यांस भेंडीचे ठसे पुरेत. रंगात बुडविलेले टोक तेवढे टाकावे, उरलेली भेंडी पोषण आहाराच्या पातेल्यात जावी. वरच्या इयत्तांनी हात धुऊन काकडीची साल उभ्या पट्ट्यांनी सोलावी व चकत्या कराव्या. ती नक्षीदार फुले त्याच दुपारी मुलांच्या ताटांत वाढावी.