कानाला हलका, खिशाला परवडणारा

आजच्या कार्यक्रमात कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही नाही. आज आपण हेडफोनबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गेल्या महिन्यात आम्ही ज्या ज्या गावात गटाच्या बैठकीला गेलो, तिथं हिशेबाची वही मिटली की कुणीतरी हळूच विचारायचं, "ताई, गाणी ऐकायला एखादा चांगला हेडफोन सांगा ना, पिशवीत मावेल असा." लगेच दुसरी म्हणायची, "आता हिला कानात वायरी घालून मिरवायचंय!" सगळ्या हसायच्या आणि प्रश्न तिथंच राहायचा.

आम्हाला वाटतं, हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. घरात टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो ते आपल्याला माहीत आहे. मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावावं, तर पोरांचा अभ्यास असतो, सासऱ्यांना झोप लागलेली असते. पहाटे जात्यावर बसायची पद्धत होती तेव्हा निदान तेवढा वेळ बाईचा स्वतःचा असायचा. हाताला काम, पण तोंडात आपली ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या साथीनं अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ सालापासून त्या येत आहेत, कितीतरी ओव्या गाणाऱ्या बाईच्या आवाजात, आणि ऐकायला पैसे पडत नाहीत. एका गटात आम्ही त्या फोनच्या स्पीकरवर लावल्या, तर आवाज डब्यातून आल्यासारखा. शब्द कळेनात. मग एकीला हेडफोन लावून दिला. ती म्हणाली, "बाईनं कुठं दम घेतला ते पण कळतंय." मग तो हेडफोन सगळ्या खोलीत फिरला आणि बैठक अर्धा तास लांबली.

तर घ्यायचा कसा ते बघू. आपल्याला हवाय हलका, घडी होणारा आणि परवडणारा.

हलका का, तर डोक्यावर वजन घेणं आपल्याला नवं नाही, पण ते हंड्यापुरतं ठीक. शिवणकामाला बसलं की मान आधीच खाली असते, त्यात डोक्यावर जड काही नको. अमेरिकेत नथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसानं १९१० च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि तिथल्या नौदलाला विकले. (लोणच्या-पापडाच्या पलीकडंही स्वयंपाकघरात बरंच काही होतं, ते असं.) पण पुढं कितीतरी वर्षं हेडफोन म्हणजे तीनशे-चारशे ग्रॅमचा ऐवज होता. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीनं वॉकमन काढला, त्याच्यासोबतचा हेडफोन होता फक्त ५० ग्रॅमच्या आसपास. चालता-फिरता गाणी ऐकायची सोय खरी तिथून झाली. मग १९८४ साली कॉस कंपनीनं 'पोर्टा प्रो' काढला. पातळ पट्टी, कानावर स्पंजच्या दोन टिकल्या आणि घडी केली की तळहातावर मावणारा. तो आजही विकला जातो. आपल्या बजेटात तो बसत नाही, पण बाजारात गेल्यावर नजरेसमोर ठेवायचं ते हेच रूप.

हेडफोनचे ढोबळ तीन प्रकार. एक कानाच्या भोकात घालायचा, ज्याला आपण इयरफोन किंवा हँड्सफ्री म्हणतो. दुसरा कानावर नुसता टेकणारा. तिसरा अख्खा कान झाकणारा. कान झाकणारा जड असतो, उन्हाळ्यात कानाला घाम फुटतो आणि घडी करूनही तो पिशवीची निम्मी जागा खातो. कानात घालायचा सगळ्यात स्वस्त आणि लहान, पण तो एकीचा दुसरीनं घालू नये. कानातला मळ आणि संसर्ग रबरी बोंडासोबत इकडून तिकडं जातो. ज्यांचा कान वाहतो त्यांनी तर कानात काहीच घालू नये, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. म्हणून आमची पसंती मधल्या प्रकाराला, कानावर टेकणाऱ्याला. हलका असतो, घडी होते, बाहेरची हाकही थोडीफार ऐकू येते.

पण दुकानात एक गोष्ट कुणी सांगत नाही. हा हेडफोन कानाच्या पाळीवर दाबतो आणि आपल्या पाळीला कुड्या, वेल, रिंगा काहीतरी असतंच. कुडीचा मळसूत्राचा भाग मागून मानेत टोचायला लागतो. दोन मिनिटांत कळत नाही, पंधरा मिनिटांनी कळतं. त्यामुळं नेहमीचे कानातले घालूनच दुकानात जा आणि लावून थोडा वेळ तसंच उभं राहा. दुकानदार काही म्हणत नाही, म्हणाला तर दुसरं दुकान आहे. अंबाड्याचंही तेच. पट्टी अंबाड्याला अडत असेल तर ती पुढं सरकते आणि हेडफोन कानावरून उतरतो. डोक्यावर पदर घेणाऱ्यांनी पदरावरून लावून बघावा. पट्टी कमी-जास्त करता येणारी हवी.

आता घडी. घडी म्हणजे बिजागरी, आणि मोडतं ते तिथंच. दोन्ही बाजूच्या वाट्या आत वळतात त्या जागी धातूची खीळ आहे की नुसतं प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आहे, ते बघा. दहा वेळा उघडा, दहा वेळा मिटा. कचकच आवाज आला, एक वाटी सैल आणि दुसरी घट्ट लागली, तर ठेवून द्या. पाथर्डी, शेवगावकडच्या आपल्या ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींनी हे जास्त मनावर घ्यावं. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये चढतं ते चार-पाच महिन्यांनी उतरतं. भांड्याकुंड्यांत, अंथरुणाच्या वळकटीत कुठंही दाबला गेला तरी टिकला पाहिजे. घडी केलेला हेडफोन जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवला, तर सगळ्यात उत्तम.

वायरचा की ब्लूटूथचा, यावर आमच्याकडं दोन तट पडले. तरण्या मुलींना ब्लूटूथ हवा. वायर अडकत नाही हे खरं, पण तो चार्ज करावा लागतो, वीज आपल्याकडं कधी असते तुम्हाला ठाऊक आहे, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी दमली की बहुतेक वेळा अख्खी वस्तूच टाकावी लागते. वायरच्या हेडफोनला चार्जिंग नाही आणि वायर तुटली तर मोबाईल दुरुस्तीवाला जोडून देतो. शिवाय रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. फोनमधल्या एफएमला अँटेना लागते आणि बहुतेक फोनमध्ये हेडफोनची वायर हीच ती अँटेना. म्हणून तर एफएम उघडलं की फोन आधी वायर जोडायला सांगतो. आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओचा आवाज मुळात थोड्याच किलोमीटरपर्यंत पोचतो, तेव्हा वायर लांब सोडून ऐकलं तर खरखर कमी होते. २०२३ साली केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं फोन कंपन्यांना एफएमची सोय बंद ठेवू नका असं कळवलं होतं. तुमच्या फोनमध्ये एफएम दिसत नसेल तर एकदा नीट शोधून बघा.

आमचं मत वायरच्या बाजूनं आहे, हे लपवत नाही. फक्त घेण्याआधी आपल्या फोनला गोल पिनचं भोक आहे का ते बघा. त्याला साडेतीन एमएमची पिन म्हणतात. नवीन बऱ्याच फोनला ते भोक नसतं, चार्जिंगचंच सी-टाईप तोंड असतं. त्यासाठी छोटी जोडवायर मिळते, पण कुठलीही जोडवायर कुठल्याही फोनला चालेल असं नाही. आपलाच फोन लावून, गाणं वाजवून, मगच पैसे द्या. पिनवर काळ्या रेघा असतात त्या मोजा. दोन असतील तर त्यातून नुसतं ऐकता येतं. तीन असतील तर साधारणपणे माईकही असतो, म्हणजे फोनवर बोलता येतं आणि ऑनलाईन प्रशिक्षणालाही उपयोग होतो. चाळीस-पन्नास रुपये जास्त गेले तरी तीन रेघांचा घ्यावा.

किमतीचं म्हणाल तर वायरचा, घडीचा, बरा हेडफोन साधारण तीनशे ते सातशे रुपयांत मिळतो. ब्लूटूथ घ्यायचा तर आठशे ते पंधराशे धरा. आठवडी बाजारात चटईवर दीडशेला मिळतो तो नाव मोठ्या कंपनीचं आणि त्यात एक अक्षर बदललेलं, असा असतो. त्याला ना बिल, ना वॉरंटी. ब्लूटूथ घेत असाल तर खोक्यावर बीआयएसची खूण आणि 'आर' अक्षरापुढं नंबर आहे का बघा. वायरलेस हेडफोनला ही नोंदणी सक्तीची आहे आणि 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो नंबर टाकला की खरा की खोटा ते कळतं. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी मागितलं किंवा वॉरंटीत असून बदलून देईना, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर मराठीतून तक्रार करता येते.

आणि गटातून यासाठी कर्ज काढायचं का, असं दोन ठिकाणी विचारलं गेलं. नाही. अंतर्गत कर्ज शेळीला, शिलाई मशिनला, दवाखान्याला. हेडफोन आपल्या कमाईतला. आठवड्याला वीस रुपये बाजूला टाकले तर वीस आठवड्यांत चारशे होतात, आणि तेवढा हक्क आपला आपल्या पैशावर आहे. त्याचा घरात कुणाला हिशेब द्यायची वेळ येऊ नये.

दुकानात आवाज तपासायचा तो दुकानदाराच्या गाण्यावर तपासू नका. तो धमधम वाजणारं गाणं लावतो, त्यावर कुठलाही हेडफोन भारी वाटतो. आपल्या फोनमधलं आपलं नेहमीचं गाणं लावा, भजन असेल तर भजन, लावणी असेल तर लावणी. गाणाऱ्याचा शब्द स्पष्ट येतो का, टाळ कानाला टोचतात का, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज येतो का, एवढं बघा. हलक्या हेडफोनमध्ये ढोलाचा धमाका कमीच असतो. आपल्याला त्याची गरजही नाही.

वायर पिनजवळ तुटते, कारण आपण ती फोनभोवती करकचून गुंडाळतो. चुंबळ करतो तशी सैल, गोल गुंडाळा. काढताना वायर ओढू नका, पिन धरून काढा. डोक्याला तेल लावलं असेल तर टेकणारा भाग कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर तेलानं वरचं रेक्झिन सोलतं. स्पंजाच्या टोप्या वेगळ्या मिळतात, त्या बदलता येतात.

आता जरा कान देऊन ऐका. जागतिक आरोग्य संघटनेनं आवाजाची मर्यादा सांगितली आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. तोच ९० वर गेला तर फक्त ४ तास, आणि १०० वर गेला तर आठवड्यात २० मिनिटं. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषधानंही नाही. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये असा त्यांचा सल्ला आहे, म्हणजे आवाजाची पट्टी निम्म्यापेक्षा थोडीशी वर, बस. धोका कुठं होतो, तर कुट्टी मशिन चालू असताना, गिरणीत, ट्रॅक्टरवर. बाहेरचा आवाज मोठा म्हणून आपण गाणं त्याच्यावर चढवतो. तिथं हेडफोन नकोच. एक सोपी पारख सांगतो. तुम्ही गाणं ऐकत असताना हातभर अंतरावरच्या बाईनं साध्या आवाजात बोललेलं तुम्हाला अजिबात कळत नसेल, तर आवाज जास्त आहे. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर दोन-तीन दिवस तो डब्यातच राहू द्या, आणि शिट्टी थांबलीच नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आणि शेतात अजिबात नाही. संगमनेर, अकोले, राहुरी, श्रीरामपूर, पारनेर, उसाच्या पट्ट्यात बिबट्या कुठं आहे आणि कुठं नाही, हे आता कुणी सांगू शकत नाही. पहाटे गवताला, अंधारात मोटार चालू करायला जाताना कान बंद करून जायचं नाही. वनखातं तर उलट सांगतं की आवाज करत जा, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून जा. तिथं हेडफोन पिशवीत आणि गाणं स्पीकरवर. जोरात लावा, त्या वेळी सासरेही काही म्हणणार नाहीत. रस्ता ओलांडताना, स्कूटीवर, रेल्वे रुळाजवळ हाच नियम. लहान लेकरू किंवा आजारी माणूस घरात असेल तर एक कान मोकळा ठेवा.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडं जुना, एका बाजूनं बंद पडलेला हेडफोन असेल, त्यांनी तो घेऊन या. बऱ्याच वेळा पिनमध्ये नाहीतर फोनच्या भोकात नुसता कापूस आणि धूळ अडकलेली असते. काडीला कोरडा कापूस लावून आपण तिथंच साफ करून बघू. कुणाकडं दोन तोंडांची पिन असेल तर तीही आणा, एका फोनवर दोघींना ऐकता येईल. ओव्या आम्ही फोनमध्ये भरून आणतो.