गोबरगॅसचा दाब घरच्या घरी मोजा

"गॅस आहे, पण शेगडी नीट पेटत नाही," ही गोबरगॅस असलेल्या घरातली नेहमीची तक्रार. दोष शेणाचा, शेगडीचा की नळाचा? अंदाज बांधत बसण्यापेक्षा, मंडळी, दाब मोजावा हे बरे. त्याला बाजारचे दाबमापक नको.

गवंडी पाणसळ पाहतात ती पारदर्शक नळी दीड मीटर घ्या. फळीवर ती घोड्याच्या नालासारखी वाकवून, तोंडे वर ठेवून बांधा. शेजारी पट्टी ठोका. निम्मी नळी निळीच्या पाण्याने भरा. एक तोंड शेगडीजवळच्या गॅसच्या नळाला फाटा काढून घट्ट जोडा, दुसरे उघडेच ठेवा. टाकीची तोटी उघडली की एकीकडचे पाणी उतरते, दुसरीकडचे चढते. या दोन पातळ्यांतले अंतर म्हणजे दाब. नुसते चढलेले ५ सेंटिमीटर मोजू नका. पलीकडे पाणी तेवढेच उतरलेले असते, म्हणून दाब १०. तरंगत्या टाकीचा दाब साधारण एवढाच. घुमटाच्या संयंत्राला मात्र नळी लांब लागते, नाहीतर पाणी उडून जाईल. (गुरुजींनी वर्गात बारीक आणि जाड नळी लावून पाहावी, अंतर तेच येते.)

आता गळती. टाकीची आणि शेगडीची, दोन्ही तोट्या बंद करा. हे ऊन चढण्यापूर्वी करा. नळ तापला की गॅस फुगतो आणि माप फसते. पंधरा मिनिटांत अंतर घटले, तर गॅस मधेच कुठेतरी गळतो आहे. सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील. काडी ओढून गळती शोधणारेही आहेत. तसे चुकूनही करू नका. आणि शेगडी जळताना निळे पाणी खालीवर नाचू लागले, तर गॅसच्या नळात पाणी साचले आहे. सखल जागची तोटी उघडून ते काढून टाका.